माहुलीची दीपमाळ

श्रोतेहो, नमस्कार. साताऱ्याच्या पूर्वेला, जेमतेम ५ किलोमीटरवर, वेण्णा कृष्णेला मिळते. अलीकडच्या तीरावर संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. संगम माहुलीतलं विश्वेश्वराचं देऊळ १७३५च्या सुमाराला श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. लोक देऊळ बघून सरळ घाटावर उतरतात. आज मात्र दीपमाळेपाशी थांबू या.

दीपमाळेच्या अंगातून बाहेर आलेले दगडी हात नीट बघा. त्यावर पणती ठेवायची आणि तेच हात वर चढायच्या पायऱ्या. हाताचा बराचसा भाग आत दडलेला असतो आणि वरच्या बांधकामाच्या वजनानं तो दाबून धरलेला असतो. शेंड्याकडे हे वजन कमी, म्हणून चुना झिजला की वरचेच हात आधी डुगडुगतात. तेव्हा फोटोपुरतंसुद्धा चढू नका.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पाजळतात. जाणती माणसं आधी सगळ्या पणत्या मांडून घेतात आणि शेंड्यापासून खाली पेटवत उतरतात. खालून सुरुवात केली, तर पेटत्या वातींवरून धोतर न्यावं लागेल! कोऱ्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून सुकवायच्या, नाहीतर मातीच तेल पिऊन टाकते. वात नखाएवढीच बाहेर ठेवायची; जास्त काढली की काजळी धरते. नदीवरचा वारा ज्या अंगानं येतो, त्याच्या उलट बाजूला पणतीचं तोंड करायचं.

दुसऱ्या दिवशी पणत्या उतरवून सांडलेलं तेल कोरड्या राखेनं टिपायचं. काजळी काढायला ॲसिड नको, आणि दगडाला ऑइलपेंट तर मुळीच नको. रंगाखाली ओल कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधे भरायचे तर चुन्यानंच. सिमेंटचा गिलावा चकाचक दिसतो, पण आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. अशी बुजवलेली जुनी बांधकामं बघून फार वाईट वाटतं.

जायचं तर थंडीत, सकाळी लवकर. तिरप्या उन्हात दगडावरच्या छिन्नीच्या खुणाही दिसतात. पावसाळ्यात घाटाला शेवाळ असतं. शिवाय वर कृष्णेवर धोम आणि वेण्णेवर कण्हेर, ही दोन धरणं आहेत. विसर्ग सुरू असला की इथं पाऊस नसतानाही पाणी चढतं. त्या दिवसांत देवळाच्या आवारातूनच संगम बघा, पायऱ्या उतरू नका.