तबला शिकताना मधेच वैताग का येतो?

नमस्कार मंडळी! तर आज तबल्याबद्दल, म्हणजे तो शिकताना मूडचं जे काय होतं त्याबद्दल.

क्लास लावल्यावर सुरुवातीचे दिवस भारी जातात, कारण आपल्याला काही येत नाही आणि कोणाची काही अपेक्षाही नसते. मग एक दिवस तीनतालाचा ठेका बसतो, धा धिं धिं धा, सोळा मात्रा फिरून बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि मग काय विचारता, जेवायचं टेबल, लोकलची खिडकी, ऑफिसचा डेस्क, सगळीकडे बोटं चालू. घरचे वैतागतात, वैतागू देत.

मग गाडी अडते ती 'ना' या बोलावर. आता कान थोडा तयार झालेला असतो, त्यामुळे कळायला लागतं की सरांचा ना खणखणीत वाजतो आणि आपला नुसता टक. इथे बरेच जण क्लास सोडतात, आपल्या हातातच नाही वगैरे म्हणत. अहो थांबा, हे बघा, कॅमेरा जरा जवळ घेतो. ही तर्जनी किनारीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडाच्या कडेच्या पट्टीवर पडते, ते सगळ्यांना दिसतं. पण खरं काम आहे या अनामिकेचं, ती शाईच्या, म्हणजे या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते. तिच्यामुळे पुडीचा, म्हणजे तबल्याच्या चामड्याचा, सगळ्यात खालचा सूर दबतो आणि वरचा सुटा होऊन वाजतो. ती उचलून मधे वाजवलं की खालचा ऐकू येतो, तूं... ऐकलंत? बाकीच्या बऱ्याच चर्मवाद्यांचे वरचे सूर असे एकमेकांशी जुळत नाहीत, इथे शाईमुळे जुळतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलंय, तेच ते नोबेलवाले.

आता गंमत बघा. ही अनामिका जरा जोरात दाबली की सगळाच आवाज मेला. आणि चिडलेला माणूस काय करतो? दाबतो! म्हणजे ना वाजत नाही म्हणून आपण चिडतो, चिडलो की बोट दाबलं जातं आणि मग तो आणखीनच वाजत नाही. अशा वेळी लय निम्मी करा, खांदे सोडा, फक्त ना ना ना वाजवा, कायदा बियदा, म्हणजे बोलांच्या मोठ्या रचना, काही नको.

तिरकिट या बोलाचं पण तेच. ठायमध्ये, म्हणजे संथ लयीत, स्वच्छ, दुगुन, म्हणजे लय दुप्पट, केली की चिखल. त्यात रात्री झाकीरभाईंचे, म्हणजे झाकीर हुसेन यांचे, व्हिडिओ बघायचे आणि खचायचं. त्यांच्या तर जन्मल्याबरोबर कानात वडिलांनी, अल्लारखाँसाहेबांनी, तबल्याचे बोल म्हटले होते, असं ते स्वतः सांगायचे, आणि आपण पस्तिशीत क्लास लावलाय, काय तुलना करता राव.

आणि पावसाळ्यात तर स्वतःला अजिबात दोष देऊ नका. मुंबई-कोकणात जुलैत पुडी दमट होते, सूर उतरतो, आणि आपण म्हणतो आज हातच चालत नाहीये. आधी हातोडी घ्या, गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची चामड्याची वेणी, वरून हलकेच ठोकत सगळीकडून सूर सारखा करा, फारच उतरला असेल तर गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, खाली सरकवा, मग हाताचं बघू. परीक्षा जवळ असेल तर बोटांना लावायला पावडरचा डबा पण बॅगेत टाका, घाम फुटतोच.