झेलण्याचा हिशेब

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘विज्ञानकथा आणि सुपरहिरोंच्या प्रेमकथा कशा वाचाव्यात’. तो मी घेणारच आहे. पण त्याआधी एका दृश्याबद्दल बोलू द्या. ते बहुतेक वेळा चुकीचं लिहिलं जातं, चुकीचं रेखाटलं जातं, आणि आपणही ते न तपासता पान उलटतो. नायिका उंचावरून पडते आणि नायक तिला झेलतो, ते दृश्य.

हे दृश्य कधी ना कधी वाचलेल्यांनी हात वर करा. सगळेच. आता, ती किती मीटर पडली होती हे मोजून पाहिलेल्यांनी हात वर करा. तीन हात दिसतायत. तुम्ही तिघं पुढच्या रांगेत या, मला साथीला लागाल.

या दृश्याचा सगळ्यात प्रामाणिक अवतार जून १९७३चा आहे, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक. कथेचं नाव पहिल्या पानावर नाहीच, ते थेट शेवटच्या पानावर येतं, कारण नावातच कुणाचा जीव जाणार ते आहे. स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी बेशुद्ध आहे, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलली जाते. स्पायडर-मॅन वरून जाळ्याचा धागा सोडतो, तो तिच्या पायांना चिकटतो आणि ती अधांतरी थांबते. तो तिला वर ओढतो, ओढताना स्वतःवरच खूश होऊन बोलतो, आणि हातात आल्यावर त्याला कळतं की ती गेली आहे. पण धागा ताणला जातो ती चौकट पाहा. ग्वेनच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असं लिहिलंय, काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज. घाईघाईनं वाचणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही.

तिथे खलनायक, ग्रीन गॉब्लिन, म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकण्याआधीच मरतो. हे साफ खोटं आहे. विमानातून उडी मारणारे छत्री उघडण्याआधी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं पडतात आणि हसत खाली उतरतात. पडण्यानं कुणी मरत नाही, थांबण्यानं मरतो. पुढे त्याच मालिकेच्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादकीय खुलासा आला की धाग्यानं इतकं अचानक थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानंच ती गेली. म्हणजे तिचा जीव वाचवणाऱ्याच्याच हातून गेला. त्या एका बारीक शब्दामुळे मी या अंकाला फार मान देतो.

आता हिशेब. पोरासोरांनाही जमेल असा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. जितकं उत्तर येईल त्यात एक मिळवा. तितक्या पट आपलं वजन त्या क्षणी आपल्यालाच वाटतं. हवेचा विरोध सोडून देतोय, तो धरला तर आकडे थोडे उतरतील, चित्र बदलणार नाही.

ती नव्वद मीटर पडली असं धरू. याला लागतात सव्वाचार सेकंदांहून किंचित जास्त. तोवर वेग झालेला असतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. धाग्यानं तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं, तर थांबायला साडेदहा मीटर मिळाले. नव्वद भागिले साडेदहा, अधिक एक, म्हणजे साडेनऊ पट. डोकं साधारण पाच किलोचं असतं. पाय वर धरलेले, शरीर खाली लोंबतंय, आणि टोकाला डोकं आता जवळजवळ पन्नास किलोचं. तेही बेशुद्ध माणसाचं, म्हणजे मानेचे स्नायू सैल. धागा जरा कडक असता आणि दोन मीटरमध्येच थांबवलं असतं, तर शेहेचाळीस पट. त्या चौकटीत ‘स्नॅप’ लिहिणाऱ्याला हे सगळं माहीत असायलाच हवं असं नाही. पण त्याच्या मनाला ते खुपलं होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

आता उडणारा नायक घ्या, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. तो दोन्ही हात पसरून खाली उभा राहतो आणि ती त्याच्या हातात येऊन पडते. हात किती खाली जातील? अर्धा मीटर. नव्वद भागिले अर्धा, साधारण एकशे ऐंशी पट. हातांऐवजी फरशी असती तर फार फरक पडला नसता, आणि हात पोलादी असतील तर तेवढाही नाही. त्याहून वाईट म्हणजे तो तिच्याकडे वर झेपावतो. चित्राला ते फार शोभतं! पण तोही ४२च्या वेगानं वर येत असेल तर दोघांमधला वेग दुप्पट होतो आणि आघात चौपट. सातशे वीस पट. यानंतर पुढच्या पानावर ती डोळे उघडून त्याचं नाव घेते.

क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर तळहातांना माहीत आहे. झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे घेतात. ताठ हातांवर आदळलेला चेंडू उसळून जातो, वर बोटं सुजतात. माणूस झेलायचा तर आधी त्याच्याबरोबर पडावं लागतं. वरून खाली सूर मारायचा, तिच्या वेगाइतका वेग गाठायचा, तिला हलकेच धरायचं, आणि मग दोघांनी मिळून हळूहळू थांबायचं. नव्वद मीटरमध्ये हे बसतं का? बसतं. साडेसदुसष्ट मीटर पडेपर्यंत तिला धरलं, आणि उरलेल्या साडेबावीस मीटरमध्ये थांबवलं, तर तिला चार पट वजन जाणवेल. अवकाशातून कुपीतून परतणारे अंतराळवीर साधारण इतकंच सोसतात. नायकाकडे वेळ आहे पावणेचार सेकंदांपेक्षा जरासा कमी.

धरायचं कसं, तेही सांगतो. एक हात गुडघ्यांखाली आणि दुसरा खांद्यांखाली, मान कोपराच्या खळगीत. तान्ह्या बाळाला घेतो तसंच. शंभरातल्या नव्वद चित्रांत हात बरोबर असतात आणि मान मागे लोंबत असते, केस वाऱ्यावर. ते केस दिसावेत म्हणून चित्रकार मान मोडतो. आणि ती शुद्धीवर असेल तर तिलाही काम आहे: हनुवटी छातीशी, हात छातीवर घट्ट, पाठ त्याच्याकडे. छातीकडून पाठीकडे दाबणारा जोर शरीर सगळ्यात चांगलं सोसतं, म्हणून अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपलेले असतात. ज्या लेखकाची नायिका एवढं करते, त्याच्या प्रेमकथेवर मी विश्वास ठेवतो, कारण तिथे वाचणं दोघांचं मिळून आहे.

संवादांचंही तेच. सव्वाचार सेकंदांत सावकाश बोललेले दहा-बारा शब्द मावतात, आणि ताशी शे-दीडशेच्या वाऱ्यात त्यातला एकही ऐकू येत नाही. पडता पडता दिलेली दोन परिच्छेदांची प्रेमाची कबुली दिसली, की पेन्सिलीनं समासात फुली मारा.

आपल्या भाषेत झेलणं किती ठिकाणी येतं पाहा. घाव झेलतो, संकट झेलतो, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याचा शब्द झेलतो. शब्द झेलणारा माणूस ताठ उभा नसतो, तो वाकलेला असतो. बरोबर पडण्याचा अर्थ भाषेनं आधीच ओळखून ठेवलाय.

इथे एक आडवळण घेतो. विज्ञान वाचणारे आणि प्रेमकथा वाचणारे असे दोन गट आपण करतो. पहिला गट चुंबनाचं पान गाळतो, दुसरा यंत्राचं. पण या कथा घडवणारे हात तेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंची मागणी घसरली, तेव्हा १९४७ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी प्रेमकथांचं कॉमिक काढलं. कॅप्टन अमेरिका घडवणारे ते हेच दोघं. जॉन रोमिता १९६६मध्ये स्पायडर-मॅन रेखाटायला आले, त्याआधी कित्येक वर्षं प्रेमकथांची कॉमिक्स काढत होते. रुमाल चुरगाळणारी बोटं, दारात थबकलेली मुलगी, अर्धवट वळलेला चेहरा, हे सगळं ते सोबत घेऊन आले. म्हणून त्या काळच्या पानांत मारामारीइतकीच स्वयंपाकघरातली शांतता वाचनीय आहे.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं राहिली म्हणतायत. मग मूळ विषय भरभर घेतो.

कथेत शक्ती किंवा यंत्र पहिल्यांदा येईल तिथे थांबा आणि तीन गोष्टी टिपून ठेवा: किती, किती वेळ, आणि नंतर काय भोगावं लागतं. प्रेमाची अडचण याच तिन्हींतून निघायला हवी. मन वाचणाऱ्या नायिकेच्या कथेत गैरसमजावर विरह उभा केला असेल, तर लेखक स्वतःचाच नियम विसरलाय. शक्तीला मर्यादा नसेल तर विरहालाही कारण उरत नाही.

विज्ञानकथेत पहिली मर्यादा प्रकाशाचा वेग. एक चंद्रावर आणि एक पृथ्वीवर असेल तर उत्तर अडीच सेकंदांनी येतं. भांडता येतं, फक्त एकमेकांना तोडून बोलता येत नाही. मंगळावर एका बाजूला तीन ते बावीस मिनिटं, म्हणजे उत्तराला सहा ते चव्वेचाळीस. तिथे संभाषण संपलं, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि प्रेमिकांची भाषाही पत्रांची हवी. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. ‘कशी आहेस?’चं उत्तर साडेआठ वर्षांनी. तोच प्रवास प्रकाशाच्या ऐंशी टक्के वेगानं केला, तर जाऊन येईपर्यंत घरी साडेदहा वर्षं सरतात आणि प्रवाशाची, त्या वेगात त्याचा काळ हळू चालतो म्हणून, सहा वर्षं चार-पाच महिने. दोघं समवयस्क असतील तर परतल्यावर चार वर्षांचं अंतर. लेखकानं ते अंतर चेहऱ्यावर, सवयींत दाखवलंय का, तेवढं पाहा.

सुपरहिरोंत मर्यादा असते गुपिताची. लोइस लेन सुपरमॅनबरोबर पहिल्याच अंकात, १९३८ साली आली, आणि त्यांचं लग्न लागलं १९९६मध्ये. स्पायडर-मॅनचं १९८७मध्ये लागलेलं लग्न २००७मध्ये कथेतूनच पुसून टाकलं गेलं. गुपित फुटलं की नवी अडचण शोधावी लागते. ते कष्ट घेण्याऐवजी लग्न पुसणं वाचकांना फार लागलं, आणि त्यांचं लागणं रास्त होतं. मालिका वाचताना गुपित कुठल्या अंकात फुटतं ते पाहा, आणि त्यापुढचे पाच अंक सलग वाचा. लेखक किती पाण्यात आहे ते तिथे कळतं.

एकच प्रश्न घेता येईल. पुढच्या रांगेतून आलाय: मग १९७३मध्ये स्पायडर-मॅननं करायला काय हवं होतं?

उडी मारायला हवी होती, तिच्यापाठोपाठ, लगेच. हलका धागा तिच्या कमरेला, हिसका न देता, आणि त्यावरून स्वतःला तिच्याकडे ओढून घ्यायचं. तीस मीटर पडेपर्यंत, म्हणजे अडीच सेकंदांत, ती कुशीत हवी, मान कोपरात. मग दुसरा धागा पुलाकडे, पण सरळ वर नाही. वर टाकला तर पुन्हा तोच हिसका. आडवा टाकायचा, पन्नास मीटर दूर, आणि पडण्याचा झोका करायचा. झोक्याच्या तळाशी दोघांना सव्वाचार पट वजन जाणवेल, पाण्यापासून दहा मीटर वर. मग दुसऱ्या बाजूला वर जायचं, धागा पुन्हा आडवा झाला की सोडून द्यायचा. वेग अजून शिल्लक असतो, तो त्यांना सरळ वर नेतो, पुलाच्या उंचीच्या आसपास. तिथे क्षणभर वेग शून्य असतो, वारा पडलेला असतो आणि अंगाला वजन नसतं. तिला काही सांगायचंच असेल, तर ते तिथे सांगावं.