रुईच्या कुळातले कंदील

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवारी मारुतीच्या दर्शनाला अंजनेरी चढणाऱ्या नाशिककराच्या हातात बहुधा रुईच्या पानांची माळ असते. परंतु त्या रुईचेच काही नाजूक नातलग पावसाळ्यात त्याच डोंगरावर फुललेले असतात, याची त्याला क्वचितच कल्पना असते. मराठीत त्यांना कंदीलपुष्प किंवा खर्चुडी म्हणतात, शास्त्रात सेरोपेजिया. लिनिअसने १७५३ मध्ये या प्रजातीचे नाव मेण आणि कारंजे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून ठेवले. मला मात्र आपला कंदीलच अधिक नेमका वाटतो.

हे फूल न तोडता, गुडघे टेकून पाहावे. तळाशी फुगीर कुपी, तिच्यावर अरुंद नळी आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या, ज्यांची टोके वर एकमेकींना चिकटलेली असल्यामुळे मधे पाच झरोके राहतात. वासाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी झरोक्यातून शिरून नळीत घसरते, आणि आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला वर परतता येत नाही. कुपीत धडपडताना परागांचे पुंज तिच्या सोंडेला अडकतात. यथावकाश केस कोमेजतात, माशी सुटते आणि पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरते. ती शहाणी होत नाही, यावरच या वनस्पतीचा वंश चालतो!

खर्चुडीच्या पुष्कळ जाती वेली आहेत. सह्याद्रीतला एक छोटा गट मात्र कोणाचाही आधार न घेता गवतात ताठ उभा राहतो. मालपुरे, कांबळे आणि यादव या अभ्यासकांनी २००६ मध्ये त्या गटात एका नव्या जातीची भर घातली, ती सेरोपेजिया अंजनेरिका. आपल्या डोंगराचे नाव असे जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेले. पुढे २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला.

पावसाळा सरला की रोप वाळते आणि मातीखाली फक्त कंद उरतो. खर्चुडीचे कंद गुराखी उकरून खात आले आहेत. पण कंद गेला, तर पुढच्या पावसात कोंब यायचा कुठून? पायवाट सोडून गवतातून चालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

फुलांमागून शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या उकलल्या की रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर निघते. तेव्हा अंजनेरीच्या उतारावर एखादी म्हातारी उडताना दिसली, तर ती रुईचीच असेल असे नाही.