एक बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

आज जुन्या एल.पी., म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डी, ऐकण्याबद्दल बोलणार आहे. एल.पी.ची एक अख्खी बाजू, पिन टेकल्यापासून पिन उचलेपर्यंत, मध्ये न उठता ऐकायची. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी आज दोन-तीनदा सांगणार आहे. एक बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

आधीची ती जड, काळी, पडली की फुटणारी रेकॉर्ड तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. ती मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. एक गाणं झालं की उठा, रेकॉर्ड बदला. १९४८ साली अमेरिकेत एल.पी. बाजारात आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली. तेव्हापासून संगीतकाराच्या हातात एक नवीन गोष्ट आली, ती म्हणजे गाण्यांचा क्रम. कशानंतर काय यावं, हे तो ठरवू लागला. आपण मोबाइलवर गाणी उलटसुलट लावतो तेव्हा त्याचं हेच अर्धं काम पुसून टाकतो.

‘शिवकल्याण राजा’ घ्या. १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची ही एल.पी. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, आवाज लतादीदींचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. यातली गाणी मी लहानपणापासून सुटी सुटी ऐकत आले. पण सगळी रेकॉर्ड सलग ऐकली तेव्हा मला एकदम जाणवलं, की यातली दोन गाणी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घडतात. ‘सरणार कधी रण’ मध्ये बाजीप्रभू पावनखिंडीत तोफांची वाट बघतोय. ते १६६० साल. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ हे नेसरीचं, गडहिंग्लज तालुक्यातलं, १६७४ सालचं. दोन्ही कविता कुसुमाग्रजांच्या. निवेदन संपतं, क्षणभर थांबतं, आणि मग दीदींचा आवाज येतो. त्या थांबण्यात माझ्या अंगावर काटा येतो, अजून येतो. स्वच्छ हवेत गच्चीवर गेलं की पन्हाळा दिसतो आपल्याला. ही रेकॉर्ड ऐकून गच्चीवर गेलात तर तो डोंगर वेगळा दिसेल.

आणि ओघानं आलंय म्हणून सांगते, ही गाणी चौकात डॉल्बीवर लावू नयेत. दीदींनी ‘रण’ हा शब्द किती हळुवार घेतलाय, ते छातीत धडधडणाऱ्या आवाजात कुणाला कळणार? मंडळांच्या पोरांना माझी मनापासून विनंती आहे.

आता मला ती गोष्ट सांगायची आहे, जिच्यासाठी खरं तर मी इथे आले.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर. माझे मामा शाहूपुरीत राहतात, जयंती नाल्याच्या अंगाला. घरात पाणी शिरलं आणि मामांच्या सगळ्या एल.पी. लाकडी कपाटाच्या खालच्या फळीत. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाट उघडलं तर कव्हरांचा नुसता लगदा झालेला. रेकॉर्डी एकमेकींना चिकटलेल्या, मधल्या कागदी लेबलांवर गाळ बसलेला, एक अक्षर वाचता येईना. शेजारचे म्हणाले, टाकून द्या. मामा म्हणाले, “कव्हर गेलं, गाणं कुठं गेलंय? प्लास्टिक आहे ते, पाण्यानं काय होत नाही त्याला.”

मग परसात धुणं सुरू झालं. साधं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि तान्ह्या बाळाचे केस विंचरायचा मऊ ब्रश. ब्रश आडवा फिरवायचा नाही, रेघांच्या दिशेनं गोल गोल न्यायचा. शेवटी फिल्टरचं पाणी. मामींनी भांड्यांचा रॅक रिकामा केला आणि ताटं लावायच्या जागी रेकॉर्डी उभ्या करून सावलीत वाळवल्या.

वाळल्या, पण कुठली कुणाची? मामांचा प्लेअर पाण्यात गेलेला, म्हणून दोस्ताचा आणला आणि मामांनी नियम घातला: पिन टेकली की बाजू संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. संपल्यावर नाव ठरवायचं आणि खाकी कागदाच्या कव्हरवर लिहायचं. ऐकायला गल्लीतले तबल्याचे मास्तर आले. वय झालेलं, पाय दुखतात, पण रोज यायचे.

पहिल्या काही सोप्या होत्या. भीमसेनजींचे अभंग ओळखायला एक आलाप पुरला. मग एक रेकॉर्ड लावली. तंबोरा लागला. छान, भरून आलेला तंबोरा. मामी दारातूनच म्हणाल्या, “किशोरीताईंचं असणार बघ हे.” वरून गजाचं वाद्य आलं. मास्तर म्हणाले, “दिलरुबा आहे.” तबला आला. मास्तर सरसावून बसले. आणि मग गाणारा माणूस आला, तो इंग्रजीत!

मामींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मामा उठायला लागले तर मास्तरांनी त्यांचा हात धरला. “थांबा अण्णा. नियम तुमचाच हाय की.”

मी ओळखलं होतं, पण बोलले नाही. मध्ये गाणं थांबून नुसती वाद्यं चालू झाली तसे मास्तरांचे डोळे मिटले आणि मांडीवर बोटं पडायला लागली. धी ना, धी धी ना. ती ना, धी धी ना. डोळे न उघडताच म्हणाले, “पाचापाचानं चाललाय. झपतालाची चाल आहे ही. कोण आहे हा माणूस?”

तो माणूस जॉर्ज हॅरिसन. रेकॉर्ड त्याच्या इंग्लिश बँडची, बीटल्सची, ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, १९६७ सालची, आणि आम्ही लावली होती तिची दुसरी बाजू. मामांनी चोरबाजारातून कधीतरी गठ्ठा आणला होता, त्यात आलेली. या गाण्यात बाकीच्या तिघा बीटल्सपैकी एकही वाजवत नाही. लंडनमधले भारतीय वादक, तिथलेच व्हायोलिनवाले आणि मध्ये हॅरिसन.

गाणं संपलं आणि रेकॉर्डमधून माणसांचं हसणं आलं. खळखळून. मास्तर दुखावले. “कोण हसलं ते? एवढं सुरात गायला बिचारा.” मलाही ते हसू आवडलं नाही. पण ते हॅरिसननं स्वतःच सांगून जोडून घेतलेलं आहे. एवढ्या गंभीर गाण्यानंतर ऐकणाऱ्याला जरा मोकळं करावं म्हणून. आणि हे कळतं कधी? पुढचं गाणं लगेच आलं तर. कारण हसू विरतं न विरतं तोच क्लॅरोनेट वाजायला लागतात. म्हातारपणी तू माझी काळजी घेशील का, असं विचारणारं गमतीदार गाणं. मास्तर लगेच खुलले. “आपल्या वरातीच्या बँडमधलं क्लॅरोनेट की हे!” मामींना शब्द कळत नव्हते, त्यांनी मामांना अर्थ विचारला. मामांनी सांगितला. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत, पण मामी फडकं खाली ठेवून बसल्या.

तंबोरा, मग हसू, मग क्लॅरोनेट. सुटं सुटं मी हे आधी कितीदा ऐकलं होतं. या क्रमानं कधीच नाही. पुढे कोंबडा आरवला, प्राण्यांचे आवाज आले, आणि शेवटी तो प्रसिद्ध सूर आला. तीन पियानो आणि एक हार्मोनियम एकदम दाबून धरलेली, चाळीस सेकंदांहून जास्त वेळ विरत जाणारी. चांगल्या रेकॉर्डवर अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. आमच्या रेकॉर्डवर गाळाचीच करकर होती. मास्तर कानामागे हात धरून बसले होते. पिन आपोआप उचलली गेली तरी त्यांनी हात काढला नाही. मग म्हणाले, “पलटा.”

म्हणून सांगते, एक बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

कोल्हापूरला हे शिकवायला नको खरं तर. थोर गायक अल्लादियाखाँसाहेब इथे राहिले, देवल क्लब ही संगीतसंस्था इथली, सुधीर फडके इथे जन्मले, १९१९ साली. त्यांचं गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गाणं असं वर्षभर चाललं. छप्पन्न गाणी. लोक सात दिवस वाट बघायचे आणि क्रमानंच ऐकायचे.

आणखी एक बोलते, मनात आहे म्हणून. हल्ली जुन्या रेकॉर्डी तापवून वाकवतात, त्यांचे वाडगे करतात, भिंतीवरची घड्याळं करतात. मला ते बघवत नाही. वाजत नसेल असं वाटलं तरी आधी धुऊन बघा. साधं पाणी, मऊ ब्रश, रेघांच्या दिशेनं, सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवली की ती वाकडी झालीच.

प्लेअर नसेल तर मोबाइल चालेल, फक्त क्रम मोडू नका. सुरुवात ‘कॉल ऑफ द व्हॅली’पासून करा. हीसुद्धा १९६७ चीच. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे त्यात, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अहिर भैरवनं दिवस उजाडतो, मग नट भैरव, मग पिलू. पिलू संपला की पहिली बाजू संपते. तोवर फोन आला तरी घेऊ नका. दुसऱ्या बाजूला भूप, देस आणि शेवटी पहाडी आहे, ती चहा झाल्यावर लावा.

नमस्कार.