आर्नोकाठची छत्री आणि सिएनाची गाडी

विषय दिलाय ‘इटलीत सुट्टीचा प्रवास : शहरं आणि खेडी’. खेड्यांकडे येतोच, पण आधी फ्लॉरेन्सबद्दल मनात साठलेलं बोलून घेतो. फ्लॉरेन्स पाहिलेल्यांनी हात वर करा बरं. वा, निम्मं सभागृह! आता, आर्नो नदीकाठची कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, किती जणांनी पाहिलं? बघा, एकदम शांतता. माझी तक्रार हीच आहे.

हे शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले छत्रपती. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1870 साली ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. ऐन विशीतला पोरगा हो! बरोबरच्या मंडळींवर काय ओढवलं असेल? फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, पण प्रेताला अग्नी द्यायची तिथे रीतच नाही. तरी नगरपालिकेनं खास परवानगी दिली. मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तो संगम निवडला आणि तिथे रात्री चिता पेटली. परक्या धर्माच्या माणसांनी दाखवलेला हा मोठेपणा मला आजही हलवून सोडतो.

1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. चार खांबांमध्ये महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. तिथले लोक त्याला ‘इंदियानो’ म्हणतात. जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव.

आता आमच्या सहलीचं ऐका. सकाळी बस शहरात शिरली. टेकडीवरच्या चौकातून फोटो, मग चामड्याच्या दुकानात तासभर, मग पनीर आणि जिऱ्याचा भात, की चला पिसाला! छत्रीचं विचारलं तर सहलीचे व्यवस्थापक म्हणाले, ‘काका, ते आपल्या कार्यक्रमात नाही.’ अहो, शिवछत्रपतींच्या गादीवरचा राजा तिथे अनंतात विलीन झाला आणि मराठी माणसांनी भरलेली बस कमरपट्टे बघत बसते! मी पुढे स्वतंत्रपणे गेलो तेव्हाच दर्शन झालं. मुख्य स्टेशनाजवळून ट्राम पकडा, ‘काशिने’ थांब्यावर उतरा आणि त्याच नावाच्या बागेतून नदीच्या कडेकडेनं अगदी शेवटच्या टोकापर्यंत चालत जा. चांगली तंगडतोड आहे, पण वरती झाडं आहेत.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग मुद्द्याचं घाईनं सांगतो.

इटलीत एका शहरात मुक्काम टाका आणि साध्या गाड्यांनी आजूबाजूला फिरा. फ्लॉरेन्सहून सिएना दीडएक तास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. सिएनाच्या नगरभवनात लोरेन्झेत्ती यांचं 1338-39 मधलं भित्तिचित्र आहे. मधोमध वेस. आत दुकानं, नाच, बांधकाम. बाहेर मळणी, द्राक्षमळे, आणि एक शेतकरी पांढऱ्या पट्ट्याचं काळं डुक्कर शहराकडे हाकत आणतोय. शहर आणि शिवार तिथे एकाच भिंतीवर नांदतात. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला अर्धा भाग बसच्या काचेतून पाहून भागत नाही. चित्र पाहून झालं की इमारतीच्या मागच्या बाजूला या, समोर खरं शिवार पसरलेलं दिसतं.

पुढे पिएन्झाला बसनं जा. दुसऱ्या पायस पोपनं 1459 पासून स्वतःच्या जन्मगावाचं असं देखणं नगर केलं. तिथे मेंढीच्या दुधाचं चीज खा आणि ओर्चा खोऱ्यात पायी उतरा. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा पाणी आधीच भरून ठेवा. रविवारी बस फार कमी, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून घ्या. 15 ऑगस्टला तिथेही मोठी सुट्टी असते आणि सगळी गर्दी बाहेर पडते; जमलं तर मे किंवा सप्टेंबर निवडा. व्हिसाचं कुणाला विचारायचं असेल, तर चहाच्या वेळी भेटा.