जुडा, हॅट आणि पगडी

(पडद्यावर: १९२७ सालचा कृष्णधवल फोटो)

बाजेवर बसलेला हा मुलगा १९ वर्षांचा आहे. हातात बेड्या. डोकं उघडं, केसांचा जुडा वर बांधलेला. जागा लाहोर, पोलिसांचा ताबा.

हे भगतसिंग. आणि हा फोटो निघाला तेव्हा ते नास्तिक होते.

त्यांनीच लिहून ठेवलंय. १९२६ संपता संपता देव नाही, याची त्यांना खात्री पटली होती. या अटकेत काही पोलीस अधिकारी मागे लागले, दोन्ही वेळा प्रार्थना करत जा म्हणून. तेव्हा त्यांनी स्वतःलाच कसाला लावलं. आपलं नास्तिकपण फक्त बऱ्या दिवसांपुरतं आहे का? खूप विचार केला आणि प्रार्थना केली नाही. एकदाही नाही.

केस मात्र तसेच राहिले.

या केसांची गोष्टही सरळ नाही. आजोबा अर्जुनसिंग आर्यसमाजी. शाळेच्या वसतिगृहात हा नातू तासन् तास गायत्री मंत्र जपायचा. केस राखायला लागला तो नंतर, लाहोरच्या नॅशनल कॉलेजात. शीख धर्मातल्या कथा आणि सिद्धांत तेव्हाही पटत नव्हते, असं भगतसिंग सांगतात. देव मात्र तेव्हा होता. म्हणजे आधी देव होता, मग केस आले, मग देव गेला आणि केस उरले!

कशासाठी राखले असतील? ते दिवस आठवा. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिबच्या गुरुद्वारात अकालींचं, म्हणजे गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून सोडवायला निघालेल्या शिखांचं, हत्याकांड झालं. पुढे अकालींचाच जैतोचा मोर्चा निघाला. तिकडे जाणाऱ्या जथ्याच्या जेवणाची सोय गावात भगतसिंगांनी केली होती. पंगतीत वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही, तुझा देवावर विश्वास आहे का? आपल्याकडेही वारीत पायी चालणारे, आणि देवाचा विषय निघाला की नुसतं हसणारे, काय कमी आहेत?

(पडद्यावर: हॅटमधला फोटो)

१९२८ मध्ये केस कापले गेले, ते क्रांतिकार्यासाठी. हा हॅटमधला फोटो असेंब्लीत बॉम्ब टाकण्याआधीचा, १९२९ चा.

ऑक्टोबर १९३०. लाहोर सेंट्रल जेल. इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठावाची तयारी करणाऱ्या गदर चळवळीतले जुने कैदी भाई रणधीर सिंग सुटून निघाले होते. अढळ श्रद्धेचा माणूस. दोघांची भेट झाली आणि देवावरून खटका उडाला. ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध त्या भेटीनंतर लगेचचा. पुढे भाईसाहेबांनी लिहिलं की भगतसिंगांना केस कापल्याचा पश्चात्ताप झाला होता. निबंधात त्याचा मागमूस नाही. शेवटच्या दिवसांत तुला देव आठवेल, असं म्हणणाऱ्या एका मित्राला तर त्यांनी साफ सांगितलं, तसं झालं तर ती मी माझी अधोगती समजेन. २३ मार्च १९३१ ला सुखदेव आणि आपल्या खेडच्या राजगुरूंबरोबर ते फासावर गेले. निबंध छापून आला सप्टेंबरात.

मग असा माणूस शीख म्हणायचा का?

१९२५ च्या गुरुद्वारा कायद्यात यासाठी एक प्रतिज्ञा आहे. मी शीख आहे, गुरू ग्रंथ साहिबवर आणि दहा गुरूंवर माझी श्रद्धा आहे, माझा दुसरा धर्म नाही. देव हा शब्द त्यात नाही! पण १९४५ च्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, शिखाची व्याख्या सुरू होते ती एका अकाल पुरुषावरच्या, म्हणजे देवावरच्या, श्रद्धेपासून. आणि ज्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, तो ग्रंथच ‘इक ओंकार’नं, म्हणजे ‘देव एक आहे’नं, उघडतो. पळवाट कायद्यात सापडेल, ग्रंथात नाही. नास्तिकानं हे मान्य करावं, उगीच ग्रंथाला आपल्या बाजूला ओढू नये.

लेखक-पत्रकार खुशवंत सिंग यांनी ती ओढाताण केली नाही. आपण अज्ञेयवादी आहोत, हे ते उघड सांगत. पगडी-दाढी शेवटपर्यंत ठेवली, शिखांचा दोन खंडी इतिहास लिहिला, नानकांची जपुजी ही प्रार्थना इंग्रजीत आणली. सुवर्णमंदिरात ठाण मांडलेल्या सशस्त्र शिखांचे नेते भिंद्रनवाले यांच्यावर सडकून टीका केली, आणि जून १९८४ मध्ये तिथे लष्कर घुसल्यावर पद्मभूषणही परत केलं. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शीख जाळले जात होते, तेव्हा त्यांना स्वीडनच्या दूतावासात आसरा घ्यावा लागला. जमाव पगडी बघत होता. तिच्याखालचा माणूस देव मानतो की नाही, याच्याशी कोणाला काय देणं-घेणं?

(पडद्यावर: संसद भवनाचं आवार)

२००८ मध्ये संसदेच्या आवारात भगतसिंगांचा पुतळा बसला. डोक्यावर पगडी. हॅट हवी होती, असं म्हणत काही अभ्यासकांनी वाद घातला. एका बाजूला पगडी, दुसऱ्या बाजूला हॅट.

(पडद्यावर: पुन्हा १९२७ चा फोटो)

बाजेवर बसलेला हा उघड्या डोक्याचा, जुडा बांधलेला नास्तिक कोणीच मागितला नाही.