पिवळं पान

(पडद्यावर: ब्राउझरमध्ये एररचं पान)

जँगो म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट. तिच्यावर काम करणारा प्रत्येक जण एररचं हे पिवळं पान ओळखतो. कितव्या ओळीवर गाडी अडली, तेव्हा कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, सगळं इथे उघडं. नावात पासवर्ड, सिक्रेट, टोकन असे शब्द असलेली सेटिंग तेवढी जँगो तारे टाकून झाकतं. स्वतःच्या लॅपटॉपवर याच्यासारखा मदतनीस नाही. पण आमच्या एका प्रोजेक्टचं हे पान एका रात्री लाइव्ह साइटवर आलं, आणि सगळ्यात आधी ते ग्राहकाने पाहिलं.

नव्या जँगो प्रोजेक्टमध्ये सेटिंग्जची एकच फाइल मिळते. डेटाबेस, सिक्रेट की, डीबग, सगळं तिच्यात, आणि डीबग, म्हणजे हे पिवळं पान दाखवायचं बटण, सुरुवातीला चालूच. म्हणून जुनी मंडळी तिच्या तळाशी लोकल सेटिंग्जची वेगळी फाइल इम्पोर्ट करायची आणि ती गिटमध्ये, म्हणजे कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, टाकायची नाहीत. हेरोकू या क्लाउड होस्टिंग कंपनीच्या मंडळींनी २०११च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह फॅक्टर’ म्हणून बारा नियम मांडले. त्यातला तिसरा सांगतो, सेटिंग कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यूंमध्ये ठेवा. आम्हीही अशा व्हॅल्यूंची डॉट एन्व्ह फाइल केली होती.

(क्लोजअप: त्या फाइलमधली एक ओळ)

सर्व्हरवर स्वच्छ लिहिलं होतं, डीबग इक्वल टू फॉल्स, म्हणजे बंद. मग हे पान आलं कुठून?

एन्व्हायर्नमेंटमधून जे येतं ते नुसती अक्षरं म्हणून येतं. आणि पायथॉनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, खरी, म्हणजे ट्रू. ‘फॉल्स’ हा शब्दसुद्धा! तासभर आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करत बसलो होतो. आता ती व्हॅल्यू थेट ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून पाहतो. दुसरं काहीही असो, ओळ लिहायचीच राहिलेली असो, डीबग बंद.

त्याच रात्री आणखी एक सापडलं. एन्व्ह फाइल कधीतरी कमिट झाली होती, म्हणजे गिटच्या इतिहासात गेली होती. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, तिचं नाव नंतर गेलं. आधीच ट्रॅक होणाऱ्या फाइलला गिटइग्नोर अडवत नाही, आणि फाइल काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच वाचता येतो. पहाटेपर्यंत एकेक पासवर्ड आणि की बदलत बसलो.

(पडद्यावर: टीममध्ये नवी आलेली मुलगी, टर्मिनल)

गिटच्या रेपोमध्ये आता एन्व्हची फक्त नमुन्याची फाइल असते. नावं सगळी, व्हॅल्यू रिकाम्या. नवी मुलगी त्या फाइलची कॉपी करते, आपल्या मशीनच्या डेटाबेसचा पासवर्ड भरते, सर्व्हर चालू करते. पोर्ट ८०००वर लॉगिनचं पान उघडतं.